खुशालरावांची मोटार अकोल्याला जाते

अमरावती, ता. १४ नोव्हेंबर १९३७

रा. रा. नत्थुजी यांस, खुशालराव याचा रामराम.

सहा वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नये. घरी सर्व क्षेम आहे. हे पत्र नात्याचे नाही, मोटारीचे आहे. आपण अकोला ते बार्शीटाकळी मोटार चालवता आणि दुकानात लोकांच्या बिघडलेल्या मोटारीही दुरुस्त करता, असे इकडे कानावर येते. त्यापुरतेच विचारत आहे.

येथील केशवराव वकील वकिली सोडून काशीला राहायला गेले. जाताना त्यांनी आपली मोटार मला दिली. अकरा वर्षांची आहे, हिरवा रंग, वर कापडी टप. इंजिन चांगले चालते. परंतु थांबवण्यासाठी ब्रेकवर पाय दिला की ती ओरडते. साधे ओरडणे नव्हे. परवा कापसाच्या बाजारापुढे थांबलो तर एका बंडीचे बैल जू टाकून पळाले आणि अर्ध्या बाजाराने कापूस वेचण्याचे काम पुन्हा एकदा केले. अंबादेवीच्या देवळापुढे कीर्तन चालू होते, तेथे बुवांनी टाळ थांबवून कोणाचा अपघात झाला म्हणून विचारले. आता लोक मला रामराम करण्याआधी कानावर हात ठेवतात.

येथल्या मिस्त्रीने सांगितले की मोटार विकून टाका. हा सल्ला मला मिस्त्रीकडून नको होता.

तरी दोष काय आणि उपाय काय, ते पत्राने कळवावे. प्रत्यक्ष येण्याजाण्याचा प्रश्न नाही. तो का नाही, हे आपणांस ठाऊक आहे.

खुशालराव

*

अकोला, ता. १८ नोव्हेंबर

भाऊजीले नत्थुजीचा नमस्कार.

पत्र भेटलं. तुमी नात्याचं नाई म्हनता तर नाई. पन ठाऊक हाय म्हनून लिहिलं, तर एकदा कागदावर येऊनच जाऊ द्या. दर्यापूरच्या लग्नात पन्नास मानसायच्या पंगतीत तुमी म्हनले का माहा साळा वावर सोडून मोटार हाकनारा धुरकरी झाला. मी पानावरून उठलो अन् म्हनलं, ज्याले माहा धंदा हलका वाटते त्यानं माह्या उंबरठ्यावर पाय ठेवू नोये. तुमी ठेवला नाई. माह्या बहिनीले, बाईलेही येऊ देल्लं नाई. झालं. आता मोटारीचं.

आवाज आवाजात फरक असते. लोखंडी खाटेचा पाय फरशीवर ओढल्यावानी बारीक चीं असन, तर ब्रेकची पट्टी गुळगुळीत झाली असन नाई तर चाकाच्या ड्रमात, म्हंजे लोखंडी डब्यात, धूळ भरली असन. आपल्या काळ्या मातीची धूळ मैद्यावानी बारीक असते, कोठीही घुसते. जात्यावर खडे दळल्यावानी खर्र असन, तर मामला वायला, येगळाच. म्हंजे पट्टी झिजून गेली अन् आतलं लोखंड लोखंडावर घासून राहिलं. अशी मोटार चालवू नोका.

तवा मले सांगा, चीं का खर्र. सकाळी पहिल्या खेपेले येते का खूप चालल्यावर येते. पाय हळू देल्ला तरी येते का जोरात देल्ल्यावरच. उजवीकडून येते का डावीकडून. तुमच्या मोटारीले ब्रेक मागच्या दोन चाकायलेच असन, म्हनून मागं एक मानूस चालवून त्याले आयकाले लावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवजा. ब्रेकले तेल, वंगन, तूप, लोनी, काहीबी लावू नोका. चाक फिरासाठी असते, ब्रेक धरासाठी असते.

नत्थुजी

*

अमरावती, ता. २३ नोव्हेंबर

रा. रा. नत्थुजी यांस रामराम.

आपले पत्र पावले. माहिती चांगली आहे, परंतु आता तिची गरज उरली नाही. आपले पत्र येण्याच्या आदल्याच दिवशी आवाज पूर्णपणे बंद झाला.

काय केले ते लिहिण्याइतके महत्त्वाचे नाही. थोडी बुद्धी चालवली. तीस वर्षे बैलांच्या बंड्या आणि दमण्या वापरणाऱ्या माणसाला चाक का ओरडते हे मोटारवाल्याकडून शिकावे लागत नाही. आता मोटार इतकी शांत थांबते की काल मी दारात आलो तरी पार्वतीला कळले नाही.

थांबायला पूर्वीपेक्षा थोडी जास्त जागा लागते एवढेच. म्हणजे आपल्या दारात थांबायचे असल्यास शेजारच्या महादेवरावांच्या घरापासून पाय द्यावा लागतो. सवयीचा भाग आहे.

येत्या सोमवारी पार्वतीला घेऊन रिद्धपूरला दर्शनाला जाणार आहे. आपण तसदी घेतलीत त्याबद्दल आभारी आहे. यापुढे पत्र पाठवण्याचे कारण नाही.

खुशालराव

*

अकोला, ता. २६ नोव्हेंबर

भाऊजीले नमस्कार.

तुमी कारन नाई म्हनलं तरी मी लिहून राहिलो. ओरडनारा ब्रेक आपल्या मनानं चूप बसत नाई. तुमी त्याले काय पाजलं ते खरं सांगा. मले वाटते तुमी बंडीच्या आखाचं वंगन घातलं.

घातलं असन तर मोटार आता थांबत नाई, ती फकत थकते. सपाटीवर ठीक हाय, उतारावर गेली का तुमच्या बापाचीही आयकनार नाई. रिद्धपूरले जाऊ नोका. जायचंच असन तर दमणीनं जा. अन् बाईले त्या मोटारीत बसवू नोका. माही एकच बहीन हाय.

सोमवारच्या आत पत्र पोचावं म्हनून मी खुद टेसनावर जाऊन डाकेच्या डब्यात टाकून राहिलो.

नत्थुजी

*

अमरावती, ता. १ डिसेंबर

नत्थू,

तुही बाई पार्वता लिहून राहिली. सहा वर्षं तुले दोन अक्षरं लिहिली नाई, कारन यायनं शपथ घातली होती. पन शपथ अकोल्याले न जाची अन् घरचं न लिहाची होती, मोटारीबद्दल नोती, म्हनून मी ठरोलं का आपनबी मोटारीबद्दलच लिहावं.

तुहं पत्र सोमवारी दुपारी आलं. आमी सकाळीच निघालो होतो.

जाताना तुह्या भाऊजीचा चेहरा पाहाच्यासारका होता. नवा फेटा, अत्तराचा फाया. मोटार भल्ली शांत चालली होती. मले म्हने, पाहा, तुह्या भावानं चार पानं लिहिली, अन् मी एका बोटानं काम केलं. खरं सांगते, मलेही तवा कौतुकच वाटलं.

रिद्धपूरच्या अलीकडं एका गावाचा बाजार होता. रस्ता थोडा उतरता, अन् दोनी बाजूनं भाज्यायची दुकानं. यायनं दुरूनच ब्रेकवर पाय देल्ला. मोटार गेली. यायनं दोनी पाय देल्ले. मोटार तरी गेली. मंग हे सीटवर उभे राहिले अन् बैलायले म्हनतात तसं तिले हो हो म्हनाले लागले. लोक बाजूले झाले, कोनाले खरचटलंही नाई, देवाची कृपा. पन माणिकबाई म्हनून एक माळीन होती, तिनं वांग्यायचा भला मोठा ढीग मांडला होता. आमी त्या ढिगातून गेलो अन् पलीकडं कडब्याच्या गंजीत जाऊन उभे राहिलो. टप कडब्याच्या आत, आमी टपाच्या आत.

माणिकबाई आली. ती ओरडली नाई. तिनं टपाखाली वाकून पाहिलं अन् यायले इचारलं, "मालक, बाजार कराचा होता तर उतरून करता आला नसता का?"

मंग यायनं तिची सारी वांगी घेतली. चेंगरलेली अन् बिनचेंगरलेली. आज तिसरा दिवस हाय, आमच्या घरी वांग्याचं भरीत, वांग्याची भाजी अन् वांग्याचीच भजी चालू हाय, अन् हे मान खाली घालून जेवते. मोटार दोन बैल जुपून घरी आनली. रिद्धपूरचं दर्शन राहूनच गेलं.

वंगनच घातलं होतं. मी माह्या डोळ्यानं पाहिलं, पन मले वाटलं मोटारीलेबी बंडीवानी वंगन लागत असन.

मायची तब्येत कशी हाय ते तू एकाही पत्रात लिहिलं नाई. काहून? तू कधी काही लपवाले लागला का तुहं अक्षर मोठं होते. यायले लिहिलेल्या पत्रात तुहं अक्षर भल्लं मोठं हाय.

पार्वता

*

अकोला, ता. ४ डिसेंबर

बाई,

तुहं पत्र वाचून पहिले हासलो, मंग देवाम्होरं दिवा लावला. देवानं वाचोलं.

तू बरोबर ओळखलं. माय दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी न्हानीत पडली. कंबरेच्या हाडाले मार बसला. डाक्टर म्हनते हाड तुटलं नाई, पन ती खाटीवरून उठतच नाई. दुखते म्हनून नाई, भेवानं उठत नाई. मी धरतो म्हनलं तर म्हनते, तू मले पाडशीन, पार्वता आली का तिच्या खांद्यावर हात ठेवून चालीन. रोज इचारते, पार्वताची गाडी आली का. मी म्हनतो, येईन.

तुले कळोलं नाई, कारन मी बोलावलं अन् भाऊजीनं पाठोलं नाई तर मायले काय सांगू? अन् भाऊजीले इनंती कराले माही जीभ उचलत नोती. झालं, हेही लिहून टाकलं.

आता आयक. भाऊजी माह्या घरी येनार नाई, पन माहं दुकान घराच्या म्होरं हाय अन् दुकानाची पाटी वायली हाय. मोटार घेऊन कोनीही गिऱ्हाईक दुकानात येऊ शकते. हे त्यायच्या कानावर तुह्या पद्धतीनं टाक. ही मोटार पत्रानं दुरुस्त होत नाई, हे तर खरंच हाय.

इकडं याले निघाले तर हातातला ब्रेक वापराले सांग. तो वायल्या जागी धरते, तिथं वंगन पोचलं नसन. उतार आला का पहिल्या गिअरात टाकाले सांग. बैलापेक्षा जोरात चालवू देऊ नोको.

नत्थू

*

अमरावती, ता. ८ डिसेंबर

रा. रा. नत्थुजी यांस रामराम.

माझ्या मोटारीची प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे असे आपले मत असल्याचे समजले. कोठून समजले ते विचारू नये. विचारांती मीही त्याच मताला आलो आहे.

सबब शनिवारी सकाळी मोटार घेऊन आपल्या दुकानात येत आहे. एक गिऱ्हाईक या नात्याने येत आहे. माझ्या उतरण्याची सोय धर्मशाळेत होईल.

पार्वती सोबत येत आहे. त्याचे कारण असे की काटेपूर्णा नदीच्या उतारावर मोटार उभी करावी लागल्यास चाकामागे दगड लावायला एक माणूस लागते. सालदार गडी सर्व कापसाच्या वेचणीत गुंतले आहेत. दुसरे कोणतेही कारण नाही. दगड लावून झाल्यावर तिने कोठे बसावे, कोणाला भेटावे, हा तिचा प्रश्न आहे.

सासूबाई पडल्या हे मला दोन महिन्यांनी कळले. याचा दोष मी कोणाला देत नाही. रात्रंदिवस एकच विचार मनात येतो की तो दोष कोणाला द्यावा लागेल, आणि तो मोटारीला देता येत नाही.

खुशालराव

*

अमरावती, ता. १६ डिसेंबर

नत्थुजी,

मी परवा रेल्वेने सुखरूप पोचलो. वेचणी सुरू आहे, माणसे कमी आहेत, घर रिकामे आहे. पार्वती तिकडे आणि मोटार तिकडे. स्वयंपाकाला येणाऱ्या मैनाबाईने पहिल्याच दिवशी विचारले, वांगी आणू का. मी जेवणावरून उठलो.

जे तोंडाने बोलता आले नाही ते लिहितो. तीन दिवस तुमच्याकडे होतो, पण तुम्ही जवळ असलात की मी फक्त ब्रेकबद्दल बोलत होतो, आणि तुम्हीही.

त्या दिवशी दुकानापुढे मोटार थांबवली तेव्हा तुम्ही पुढे होऊन दार उघडले. मी म्हटले की धर्मशाळा कोठे आहे. तुम्ही म्हणालात, "धर्मशाळा हीच हाय, फकत इथं चहाबी भेटते." मग पार्वती माझ्याकडे न पाहताच आत गेली. आतून सासूबाईंचा आवाज आला. रडल्या की हसल्या ते मला कळले नाही. मी बाहेर टायरवर बसून राहिलो. माझ्या एका शब्दामुळे त्या म्हातारीने दोन महिने खाटेवर पडून दाराकडे पाहिले होते, आणि आत जाण्याची हिंमत मला होईना.

तुम्ही मला आत चला म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, भाऊजी, हा दिवा जरा धरा, आत अंधार हाय. आणि मोटारीखाली शिरलात. मीही आडवा झालो. नवे धोतर होते, पण झालो. तुम्ही चाक काढले, ड्रम काढला. आतली पट्टी माझ्या वंगणात भिजलेल्या भाकरीसारखी झाली होती. वंगणाखाली पाहिले तर ती घासून काचेसारखी चकचकीत झाली होती, आणि दोन ठिकाणी पितळी खिळे वर आले होते. ड्रमवर तुम्ही माझे बोट फिरवले. खिळ्यांनी त्यात नांगराच्या तासासारखे चर पाडले होते. तुम्ही म्हणालात की आणखी एक महिना मी अशीच चालवली असती, तर वंगण असो की नसो, ती कोठेच थांबली नसती.

मग तुम्ही विचारले की चालवताना पाय कोठे ठेवता. मी सांगितले, ब्रेकवर. तुम्ही विचारले, थांबवताना ना? मी म्हटले, नाही, नेहमीच. बैल हाकताना कासरा सोडून कोणी बसतो का? तुम्ही मोटारीखाली पडल्या पडल्या इतके हसलात की पाना तुमच्या कपाळावर पडला. दुसरा कोणी हसला असता तर मी मोटार तशीच ओढत परत नेली असती. पण तुम्ही हसता हसता मला समजावत होतात की पाय वर ठेवल्याने ब्रेक सतत थोडा थोडा लागतो, तापतो, आणि पट्टी चकचकीत होऊन ओरडायला लागते. म्हणजे बैल पळाले, कीर्तन थांबले, ते सगळे माझ्या पायाने.

नत्थुजी, मी पंचावन्न वर्षांचा आहे. घासलेटात बुडवलेल्या त्या पट्ट्या तुम्ही एकेक करून पुसत होतात, खिळे मोजून डबीत ठेवत होतात, आणि मला वाटले की मी माझ्या शेतात कोणतेही काम इतक्या निगुतीने केलेले नाही. दर्यापूरच्या पंगतीत जे बोललो ते मी अडाणीपणाने बोललो. पन्नास माणसांसमोर बोललो. त्यातली हयात आहेत तेवढ्यांना सांगण्याची माझी तयारी आहे. परवा महादेवरावांना सांगून सुरुवात केली. त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता, मला आधी तो सांगावा लागला, नंतर माफी.

शेवटी मी आत गेलो ते तुम्हाला माहीत आहे. सासूबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकले नसेल, तुम्ही हात धूत होतात. मी पायांवर डोके ठेवले. त्यांनी माझ्या फेट्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "जवाई, घासलेटाचा वास येऊन राहिला. आता तुमी घरचे वाटता."

नवी पट्टी मुंबईहून आली की कळवावे.

खुशालराव

*

अकोला, ता. २४ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं अन् मंग पेटीत ठेवलं. त्याच्यावर आता काही लिहीत नाई. पुन्यांदा कोनाकोनाची माफी मागत फिरू नोका. दर्यापूरवाले म्हनतीन का खुशालरावाले काही रोग झाला.

मुंबईची पट्टी आली. जुने खिळे काढले, नवी पट्टी नव्या खिळ्यायनं बसोली, खिळ्यायची डोकी पट्टीच्या खाली दाबली. पट्टीची दोनी टोकं कानशीनं उतरती केली, म्हंजे ती ड्रमाले एकदम चावत नाई अन् चीं करत नाई. ड्रम खरादीवर फिरवून चर काढले अन् गोल केले.

माय पाच पावलं चालली. बाईच्या खांद्यावर हात ठेवून खाटीपासून उंबरठ्यालोक. तिथं बसून दम घेतला अन् मले म्हनली, पाहिलं, तू पाडलं असतं.

आता मोटार न्यावी असं म्हनत होतो, पन डाव्या चाकाच्या ब्रेकची स्प्रिंग मले थोडी नरम वाटून राहिली. अशी स्प्रिंग अकोल्यात भेटत नाई. मागवली हाय. आठ दिवस लागतीन.

नत्थुजी

*

अकोला, ता. ३ जानेवारी १९३८

भाऊजी,

स्प्रिंग आली, बसवली. पन आता उजव्या बाजूचा ब्रेकचा दांडा तपासला तर तो सुताभर वाकडा निघाला. वाकड्या दांड्यानं एक चाक आधी धरते, एक मागून. हे जोखमीचं काम हाय. म्हनून तो भट्टीत टाकून सरळ कराचा हाय, अन् आमचा लोहार लग्नाले गेला.

शिवाय हातातल्या ब्रेकचे दाते झिजल्यावानी दिसून राहिले. शिवाय थंडीच्या दिवसात नवी पट्टी नीट मुरत नाई, असं काही लोकायचं म्हननं हाय. एकंदर पंधरा दिवस तरी धरून चाला. मी घाई करतो, पन ब्रेकच्या कामात घाई करू नोये, हे तुमी आता समजून राहिले.

माय आता अंगनात बसते. बाईच्या हातची भाकर खाते, माह्या बायकोच्या हातची नाई, यावरून आमच्या घरी थोडा आवाज हाय. त्याचा इलाज माह्या दुकानात नाई.

नत्थुजी

*

अमरावती, ता. ८ जानेवारी १९३८

प्रिय नत्थू,

तुझे पत्र पोचले. वाकडा दांडा, झिजलेले दाते आणि लग्नाला गेलेला लोहार, सर्व समजले.

काल महादेवराव अकोल्याहून परत आले. सरकीच्या कामाला गेले होते. ते सांगत होते की राजेश्वराच्या देवळापुढे त्यांनी एक हिरवी मोटार पाहिली. उताराने आली आणि आवाज न करता जागच्या जागी थांबली. शेजारून एक बंडी चालली होती, तिच्या बैलांनी मानसुद्धा वळवली नाही. मोटारीतून एक म्हातारी उतरली. सोबत लेक होती, पण म्हातारीने तिचा खांदा धरला नव्हता, नुसता पदर धरला होता. पाच-सहा पायऱ्या ती चढून गेली. महादेवरावांना ती लेक आमच्या पार्वतीसारखी वाटली आणि मोटार हाकणारा तुझ्यासारखा. मी त्यांना म्हटले, तुमची नजर कमी झाली, ती मोटार आमची असूच शकत नाही. आमच्या मोटारीचा उजवा दांडा सुताभर वाकडा आहे आणि ती पंधरा दिवस हलणार नाही.

मी गेले दोन महिने ब्रेकशिवाय दुसरा विषय वाचलेला नाही, तेव्हा मलाही थोडेसे कळू लागले आहे. तुझ्या यादीत काही गोष्टी राहून गेल्या आहेत. दांडा सरळ झाला की डावाही एकदा पाहून घे, जोडीतला एक वाकडा असला की दुसऱ्याचा भरवसा नसतो. टपाच्या शिवणी तपास. दिव्यांच्या काचा काढून धुऊन, वाळवून पुन्हा बसव, आणि वाळायला वेळ दे. गादीत कडब्याच्या काड्या राहिल्या आहेत, त्या एकेक करून काढाव्या लागतील, झटकून चालणार नाही. आणि नवी पट्टी थंडीत मुरत नाही हे ज्या लोकांचे म्हणणे आहे, त्यांचे म्हणणे मला पटले. तेव्हा थंडी संपेपर्यंत तिला अमरावतीला आणण्याची जोखीम मी घेणार नाही.

संक्रांतीला पार्वतीने वाण तिथेच लुटावे. माझी काळजी करू नये. मैनाबाईला मी भाकरी करताना पाहतो आणि मोडते तेथे सांगतो, तिला ते आवडत नाही.

वेचणी संपली की मी रेल्वेने येईन. उतरायला धर्मशाळा पाहू नकोस. आल्यावर चार दिवस मला शेजारी बसवून मोटार चालवायला शिकव, पाय कोठे ठेवायचा यापासून. तोपर्यंत एखादा नवीन दोष सापडला नाही तर लोहाराला दुसऱ्या लग्नाला पाठव.

तुझा,
खुशालराव